रिलेशास्त्री

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पुण्यात कोथरूड, वारजे, सिंहगड रोड अशा कुठल्याही भागातल्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक चक्कर मारा. एका मोटरसायकलची सीट फरशीवर उताणी पडलेली दिसेल. दोन्ही बाजूंची कव्हरं निघालेली, पेट्रोलची टाकी मागून उचलून तिच्याखाली लाकडी ठोकळा सरकवलेला, आणि त्या फटीत डोकं घालून बसलेले एक गृहस्थ. वय चाळीस ते पंचावन्नच्या मधलं. अंगात ऑफिसच्या कुठल्यातरी समारंभात फुकट मिळालेला टी-शर्ट, दातांत काळ्या टेपचा तुकडा, कानावर टेस्टर. ‘काय, गाडी बिघडली का?’ असं चुकूनही विचारू नका. गाडी बिघडलेली नसते. कालपर्यंत ती उत्तम चालत होती, म्हणूनच आज उघडलेली असते.

हे रिलेशास्त्री. एका सोसायटीला एक पुरतो. दोन असले तर त्यांचं एकमेकांशी बोलणं नसतं.

रिलेशास्त्रींचा पोटापाण्याचा उद्योग काहीही असू शकतो. ते बँकेत असतात, आयटीत असतात, महापालिकेच्या एखाद्या खात्यात असतात. इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर मात्र या मंडळींत सहसा सापडत नाही. ज्याने चार वर्षं तो विषय परीक्षेसाठी वाचला, तो रविवारी वायर हातात धरत नाही. शास्त्रीबुवांना हा विषय कोणी शिकवलेला नाही, त्यामुळे त्यांचं त्यावरचं प्रेम शाबूत राहिलेलं आहे.

सुरुवात मोबाइलच्या चार्जरने होते आणि कारण अगदी रास्त असतं. ताम्हिणीतून कोकणात उतरताना नकाशा लावून ठेवला, की विळ्याला पोचेपर्यंत फोन मान टाकतो. तेव्हा हँडलवर एक यूएसबीचं भोक असावं, एवढीच माफक इच्छा. चार-पाचशे रुपयांची डबी मिळते. ती बॅटरीकडून १२ व्होल्ट घेते आणि फोनला ५ व्होल्ट देते. दोन वायरी, एक लाल, एक काळी. गोष्ट इथे संपायला हवी, आणि बहुतेक माणसांची संपतेही. पण शास्त्रीबुवांनी लाल वायर कुठे जोडायची ते बघायला सीट काढली, वायरिंगचा तो जाडजूड जुडगा जन्मात पहिल्यांदा पाहिला, त्यात कंपनीने मोकळा सोडलेला एक कपलर दिसला, आणि त्यांना आयुष्याचं प्रयोजन सापडलं. ‘इथे बारा व्होल्ट येतात, आणि कुणी वापरतच नाही!’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी बायकोला, धाकट्या भावाला, वॉचमनला आणि पेपरवाल्याला ऐकवलं.

कुणी वापरत नसलेले १२ व्होल्ट हा त्यांना अन्याय वाटतो. तो दूर करण्यात त्यांची पुढची वर्षं जातात.

चार्जरला एकट्याला करमेना म्हणून शेजारी व्होल्टमीटर आला. व्होल्टमीटरचा निळा आकडा रात्री चमकू लागल्यावर त्याच्या मानाने रस्ता अंधारा आहे हे ध्यानात आलं; फॉगलाइटची जोडी आली. दिवे लोकांना दिसतात, पण लोक मोबाइलवर बोलत असतात. दुहेरी हॉर्न आला. एवढं सगळं लावलेली गाडी चोरीला गेली तर? जीपीएस ट्रॅकर आला. कुणी मागून ठोकलं तर? पुढे एक आणि मागे एक असे दोन कॅमेरे आले. हवा भरायच्या पंपासाठी सॉकेट आला. सीटखाली एक छोटा दिवा आला, कारण आता सीटखाली इतकं काही झालं होतं की दिव्याशिवाय ते दिसत नव्हतं. या प्रत्येक वस्तूचं समर्थन त्यांच्याकडे तयार आहे आणि प्रत्येक समर्थन बिनतोड आहे. म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता थोडा हिशेब. तो शास्त्रीबुवांना तोंडपाठ आहे, तेव्हा आपणही ऐकून घेऊ.

मोटरसायकलमध्ये वीज तयार होते ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकातून आणि त्याच्याजवळच्या स्टेटरच्या वेटोळ्यांतून. ती रेक्टिफायर-रेग्युलेटरच्या डबीतून साधारण १४ व्होल्टपर्यंत आवरून बॅटरीकडे येते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा विचार करा: महापालिकेचं पाणी म्हणजे स्टेटर, टाकी म्हणजे बॅटरी, आणि नळ किती उघडायचे ते तुमच्या हातात. टाकी मोठी नसते. स्प्लेंडरसारख्या गाडीची बॅटरी ३ अँपिअर-तासांची, साडेतीनशे सीसीच्या जड गाडीची ८ च्या आसपास. ३ गुणिले १२ म्हणजे ३६ वॉट-तास. स्प्लेंडरचा ३५ वॉटचा जुना हेडलाइट इंजिन बंद ठेवून लावला, तर कागदोपत्री जेमतेम एक तास. प्रत्यक्षात तेवढाही नाही, कारण त्याआधीच बॅटरी बसते.

आणि स्टेटर जी वीज काढतो ती काही मोकळी नसते. तिच्यातली बरीचशी कंपनीने आधीच वाटून टाकलेली असते. इंजिनाच्या संगणकाला, पेट्रोलच्या पंपाला, स्पार्कला, आणि दिवसाढवळ्या जळणाऱ्या हेडलाइटला. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत चालूच असतो. बंद करायचं बटणच दिलेलं नाही. (समोरून येणारे अजूनही पंजाची उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ म्हणून सांगतात. शास्त्रीबुवा त्यांना थांबवून नियम समजावतात.) उरली ती वीज आपली. तीसुद्धा इंजिन जोरात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टेटरचा हात आखडतो आणि वरचा खर्च बॅटरीतून जातो. पुण्यात तर रस्ता कमी आणि सिग्नल जास्त.

हे सगळं शास्त्रीबुवा तुम्हाला कागदावर मांडून दाखवतील. वॉट भागिले व्होल्ट बरोबर अँपिअर. स्कॉटलंडचा वॉट, इटलीचा व्होल्टा, फ्रान्सचा अँपिअर आणि जर्मनीचा ओहम अशा चार देशांच्या चार थोरांना त्यांनी एका सीटखाली नांदायला लावलं आहे. शेजाऱ्याने ‘दोन हॅलोजन लावू का?’ विचारलं तर ते डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि ठामपणे सांगतात, ‘अजिबात नको. तुमच्या गाडीच्या स्टेटरला झेपणार नाही.’ सल्ला शंभर टक्के बरोबर असतो. हाच हिशेब स्वतःच्या गाडीला लावायची वेळ आली की ते म्हणतात, ‘माझं कसंय, मी सगळं एकदम चालू करतच नाही.’

बाजारहाट हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा आनंद. एरवी मंडईत जाऊन कोथिंबीर आणायला ज्यांना पार्किंगचं कारण आडवं येतं, ते गृहस्थ शनिवारी दुपारी दोन वाजता नाना पेठेत हजर असतात. स्पेअर पार्टच्या दुकानांपुढून ते ज्या चालीने जातात, त्या चालीने त्यांना लग्नानंतर कुणी चालताना पाहिलेलं नाही. तिथलं आटोपलं की बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथे स्विच, थिंबल, स्लीव्ह, मीटर, वीतभर वायर, सगळं मिळतं आणि दुकानदाराला घाई असते. शास्त्रीबुवांना नसते. ते रिले हातात घेतात, कानाशी नेतात, हलवतात, आणि पायांवरचे आकडे वाचतात.

त्या आकड्यांविषयी सांगायलाच हवं. रिले ही तारायंत्राच्या काळातली वस्तू. काम साधं: छोट्या करंटने मोठ्या करंटचं दार उघडायचं. हँडलवरचं हॉर्नचं बटण बारीक वायरीचं असतं. दुहेरी हॉर्नचा भार त्याच्यातून थेट नेला तर बटणच जळतं. म्हणून बटणाने फक्त रिलेला खूण करायची आणि रिलेने बॅटरीतून जाड वायरीने करंट सोडायचा. सोडताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकताना शास्त्रीबुवांचा चेहरा बघावा. रिलेच्या पायांना १, २, ३, ४ अशी नावं नाहीत. ३०, ८५, ८६ आणि ८७ अशी आहेत. का, तर जर्मनांनी तसं ठरवलं. ‘तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, शहाऐंशीला बटण, पंच्याऐंशीला अर्थ’ हे ते झोपेतही म्हणतात, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं आहे. लग्नाची तारीख मात्र त्यांना अंगठीवर बघावी लागते.

फ्यूजचंही तसंच. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. एखाद्याने घातलेल्या शर्टाचा रंग बघून ते मनात अँपिअर मोजतात.

नाना पेठेतल्या एका बोळात एक बुजुर्ग ऑटो इलेक्ट्रिशियन स्टुलावर बसलेले असतात. त्यांच्याशी शास्त्रीबुवांचं नातं गुरूचं आणि वैऱ्याचं एकाच वेळी आहे.

‘रिले कशाला साहेब? डायरेक्ट मारतो. पाच मिनिटांत मोकळे.’

‘आणि फ्यूज?’

‘कंपनीचा हाय की.’

‘तो उडाला तर?’

‘सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. तीस वर्षं मारतोय, एक गाडी जळली नाय.’

‘एकही?’

‘एक जळली. पण ती जुनीच होती.’

शास्त्रीबुवा घरी येऊन दोन दिवस हे संभाषण सांगत राहतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बोळात जातात, कारण टाकीखालून वायर ओढून घ्यायची त्या माणसाची हातोटी त्यांना अजून जमलेली नाही.

या मंडळींत पंथ आहेत आणि ते कडवे आहेत. पहिला डायरेक्ट पंथ. लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसला. किल्ली काढली तरी चार्जर चालू, रात्री तंबूत फोन चार्ज, काय बिशाद बंद पडायची. दुसरा किल्ली पंथ. किल्ली फिरवली तरच करंट यावा, किल्ली काढली की सगळं निजावं. विसराळू माणसाला हाच मार्ग. तिसरा टेललाइट पंथ. याला तत्त्वज्ञान नाही. मागच्या दिव्याची वायर हाताजवळ होती म्हणून ती सोलली, पीळ दिला आणि वर टेप मारली. शास्त्रीबुवा तरुणपणी तिसऱ्या पंथात होते, हे ते आता मान्य करत नाहीत. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून ती निघून येते, पावसाळ्यात सोललेलं तांबं हिरवं पडतं, आणि मग ब्रेक दाबला की मोबाइल चार्ज व्हायचा थांबतो. का ते शोधायला एक अख्खी दिवाळी गेली. सध्या ते समन्वयवादी आहेत: किल्लीने खूण करायची, रिलेने बॅटरीतून करंट घ्यायचा, आणि मधे फ्यूज. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. अडचण एवढीच की प्रत्येक नव्या वस्तूला त्यांना स्वतंत्र रिले लागतो.

गाडीत कोणतं बटण दाबलं की कोणती गोष्ट चालू होईल हे आता फक्त त्यांनाच ठाऊक असतं, आणि तेही अंदाजाने. हँडलच्या डाव्या बाजूला ओळीने बटणं आहेत. त्यांच्यावर नावं लिहिण्याचा बेत होता, पण नावं लिहून होईपर्यंत जोडण्या बदलल्या. घाटात धुकं आलं की ते फॉगलाइट लावायला जातात, पुढच्या माणसाच्या कानात दुहेरी हॉर्न वाजतो, तो दचकून बाजूला होतो, आणि शास्त्रीबुवा हात उंचावून आभार मानतात.

कायद्याचं म्हणणं या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १११ वा नियम पुढे स्पॉटलाइट लावायला बंदी करतो, ११९ वा नियम निरनिराळे सूर काढणाऱ्या किंवा कर्कश हॉर्नला. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातलं १८२अ कलम नव्याने लिहिलं गेलं, आणि त्यात मालकाने गाडीत परवानगीशिवाय केलेल्या फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड ठेवला आहे. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द शास्त्रीबुवांसाठीच घातले असावेत असा माझा संशय आहे. चांदणी चौकाच्या अलीकडे एकदा हवालदारसाहेबांनी हात दाखवला.

‘काय हो, किती दिवे हे?’

‘पाच.’

‘पाचही लागतात?’

दुसरा कुणी असता तर ‘नाही साहेब, नुसते शोभेचे आहेत’ म्हणून सुटला असता. यांचा स्वाभिमान दुखावला. ‘लागतात म्हणजे! बघा ना,’ म्हणून त्यांनी एकेक बटण दाबत सगळा संसार उजळून दाखवला. शेवटी न विचारताच हॉर्नही वाजवला. हवालदारसाहेब बोटांवर मोजायला लागले. एक, दोन, तीन… तेव्हा शास्त्रीबुवांनी नम्रपणे त्यांना थांबवलं. ‘साहेब, हे दोन दिवे एकाच रिलेवर आहेत. फेरफार एकच धरा.’

हवालदारसाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटखालून लोंबणारी पिवळी वायर हातात धरली आणि विचारलं, ‘ही कशाची?’ शास्त्रीबुवा विचारात पडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘ही तर मीही शोधतोय.’ मागून दोनशे गाड्या वाजत होत्या. त्या दिवशी त्यांना समज देऊन सोडलं म्हणतात. कोणी कोणाला समज दिली याबद्दल दुमत आहे.

घरात मात्र त्यांचा या शास्त्राशी संबंध नाही. दाराची बेल गेले कित्येक महिने बंद आहे, पाहुणे कडी वाजवतात. वहिनींनी विषय काढला तर ते शांतपणे सांगतात, ‘अगं, घरात एसी करंट असतो. दोनशे तीस व्होल्ट. आपला प्रांत डीसी.’ वहिनींनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, त्याने खाली पार्किंगमध्ये गाडी पाहिली, आणि तासभर दोघं रिलेवर बोलत बसले. बेल अजून बंद आहे.

वहिनींची एकच तक्रार वेगळी आहे. ‘या माणसाने गाडीत एवढं सगळं घातलं, पण मागे बसणाऱ्याला धरायला नीट काही नाही. कारण तिथून वायर गेलीय.’

आता लडाखविषयी. यांतल्या निम्म्या वस्तू ‘लडाखला लागतील’ म्हणून घेतलेल्या असतात. हातमोज्यांच्या आतून बोटं गोठू नयेत म्हणून हँडलच्या मुठी गरम करणारी जोडीही आणलेली आहे. तिची चाचणी पुण्यातल्या पार्किंगमध्ये मे महिन्यात झाली. ती यशस्वी झाली असं शास्त्रीबुवांच्या तळहातावरून दिसत होतं. लडाखचा बेत दर वर्षी ठरतो, आणि जूनमध्ये निघायच्या आठवड्यात गाडी वायरिंगसाठी उघडलेली असते. प्रत्यक्षात गाडी जाते ती रविवारी, गावाबाहेर कुठेतरी मिसळ खायला. त्या मिसळीच्या वाटेवर हवा भरायचा पंप, दोन कॅमेरे, गरम मुठी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र हे सगळं बरोबर असतं. उंची पाचशे-साडेपाचशे मीटरच्या आसपास दाखवतं. ते समाधानाने वाचतात.

नियतीनेही त्यांच्याशी खेळ केलाच. ज्या फोनच्या चार्जिंगपासून हे सगळं सुरू झालं, त्या फोनला हँडलवर बसवण्याबद्दलच २०२१ मध्ये अॅपलने लेखी सूचना काढली: मोटरसायकलच्या दमदार इंजिनाची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडवू शकते, थेट हँडलवर फोन लावू नका. शास्त्रीबुवांनी ती सूचना वाचली, फोन खिशात ठेवला, आणि थरथर शोषणारी स्वतंत्र बैठक मागवली. ती बैठक आल्यावर तिच्यात चार्जरची जागा वेगळी निघाली. सीट पुन्हा फरशीवर.

आणि मग यायची ती सकाळ येते. गणपतीला सगळे आठवडाभर रेल्वेने कोकणात गेले होते. गाडी पार्किंगमध्ये, किल्ली घरात, सगळं बंद. म्हणजे ट्रॅकर सोडून सगळं. ट्रॅकर बिचारा थोडंच मागतो, समजा ५० मिलीअँपिअर. पण तो झोपत नाही. ५० मिलीअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि बॅटरी ८ ची. परत आल्यावर किल्ली फिरवली तर काट्याने नुसती मान हलवली आणि सेल्फने एक हुंदका दिला. ट्रॅकरने आपलं कर्तव्य चोख बजावलं होतं. चोर आला असता, तरी गाडी नेता आली नसती.

पूर्वी अशा वेळी किक असायची. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर तर अँपिअरमीटरचा काटा असे, बॅटरी भरतेय की उपसतेय ते चालता चालता दिसे. त्या काळाबद्दल शास्त्रीबुवा हळवेपणाने बोलतात. आताच्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही, आणि पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. बॅटरी पार मेलेली असली तर धक्का मारूनही उपयोग नसतो. सोसायटीतल्या पोरांना हे माहीत नसल्यामुळे त्यांनी गाडी मेन गेटपर्यंत आणि परत अशी ढकलली. शास्त्रीबुवा वर बसून पुढे बघत होते. त्यांना माहीत होतं, पण एवढी मुलं उत्साहाने आली होती.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की हा गृहस्थ निव्वळ हास्यास्पद आहे. तसं नाही. वरंध घाटात पावसाळी संध्याकाळी एक तरुण जोडपं लहान मुलीला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं होतं. गाडी अचानक बंद, दिवा नाही, हॉर्न नाही, काटा नाही. त्यांच्यासमोरून कितीतरी गाड्या गेल्या. शास्त्रीबुवा थांबले. पाच दिवे लावून त्यांनी त्या गाडीवर दिवस उजाडवला. (त्या दिवशी मला त्या पाचांपैकी एकही जास्त वाटला नाही.) बाजूचं कव्हर काढलं, फ्यूज बघितला, उडालेला. दुसरा माणूस असता तर नवा फ्यूज घालून निघाला असता. यांनी हात थोपवला. ‘फ्यूज उगाच उडत नाही,’ म्हणाले. त्यांनी हँडल डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं, हँडलच्या खाली जिथे वायरिंग चेसिसला घासतं तिथे बोट फिरवलं, आणि नंबरप्लेटवर कुणीतरी हौसेने लावलेल्या रंगीत पट्टीची उघडी पडलेली वायर ओढून काढली. टेप मारली, खिशातून लाल फ्यूज काढला, घातला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. मुलीने टाळ्या वाजवल्या. पैसे विचारले तर त्यांनी कानाला हात लावला. मग क्षणभर रेंगाळून त्या तरुणाला विचारलं, ‘व्होल्टमीटर नाही तुमच्याकडे? आहे माझ्याजवळ एक जास्तीचा. दहा मिनिटं लागतील.’ बायकोने नवऱ्याच्या पाठीला चिमटा काढला आणि ते निघाले.

दुसऱ्याच्या गाडीत दोष शोधायला यांच्यासारखा माणूस नाही. बॅटरी काढताना आधी मायनस सोडवायची आणि लावताना मायनस शेवटी जोडायची, नाहीतर पाना चेसिसला टेकून ठिणगी पडते, हे मला त्यांनीच शिकवलं. लावायच्या वस्तूच्या मानाने वायर जाड असावी, फ्यूज बॅटरीला जितका जवळ तितका चांगला, जोड उघडा नसावा, हे नियम ते अखंड सांगतात आणि ते सगळे खरे आहेत. माझी गाडी बंद पडली तर मी त्यांनाच बोलावीन. त्यांच्या गाडीवर मागे बसून मात्र मी कुठे जाणार नाही.

तीन-चार वर्षांनी गाडी इतकी भरते की पुढे एकही वायर मावत नाही. मग ते नवी गाडी घेतात, जिच्यात अजून सगळे १२ व्होल्ट अस्पर्श असतात, आणि जुनी विकायला काढतात. जाहिरात त्यांनी स्वतः लिहिलेली असते: ‘एकहाती वापर, कमी किलोमीटर, फुल्ली लोडेड, लडाखसाठी सज्ज.’ चारही गोष्टी खऱ्या असतात. तेव्हा जुनी मोटरसायकल घ्यायला निघालेल्या वाचकांना एकच विनंती. इंजिन ऐकण्याआधी आणि टायर दाबण्याआधी सीट काढायला सांगा. आत एकापेक्षा जास्त रिले दिसले, तर पिवळी वायर कशाची ते विचारा. मालक विचारात पडला, तर त्याच्याकडचा चहा घ्या आणि रिक्षाने घरी या.